टोलवेसाहेबांची मिशी

केबिनचं दार ढकलून भुजंग सोनकांबळे आत गेला आणि समोरच्या खुर्चीतल्या साहेबांना पाहताच त्याच्या हातातला अर्ज गळून पडला. खुर्चीत टोलवेसाहेब बसले होते. तेच फताडं नाक, ओठांवर उतरलेल्या त्याच केरसुणीछाप मिशा, तीच दुहेरी हनुवटी आणि कानांतून बाहेर डोकावणारे तेच केस.

आता, टोलवेसाहेब नावाचा माणूस जगात कुठेच नव्हता, हीच तर पंचाईत होती. दोन वर्षांपूर्वी नांदेडात असताना भुजंगनेच त्यांना कागदावर जन्माला घातलं होतं. आलेल्या माणसाला या टेबलावरून त्या टेबलावर टोलवायचं आणि मधल्या वेळात चहा प्यायचा, एवढंच टोलवेसाहेबांचं काम. लातूरच्या ‘मांजराकाठ’ साप्ताहिकात ते दर गुरुवारी पहिल्या पानावर झळकत. चित्राखाली भुजंग नाव लिहीत नसे, कोपऱ्यात वेटोळं घातलेला एक छोटा साप काढत असे. कागदावरचा तो माणूस असा हाडामांसाचा होऊन, पंख्याखाली बसून, आपल्याकडे बघेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“बसा,” साहेब म्हणाले. “अर्ज कुणाचा?”

“मंडळीचा, साहेब. तारामती सोनकांबळे. हिमायतनगरला शाळेत बाई हायेत. म्हणजे, आहेत. त्यांना इकडं बदली पाहिजे.”

“आणि तुम्ही काय करता?”

“मी लिहितो.”

“कुठे?”

“जिथं छापतील तिथं.”

“आणखी काय करता?”

‘चित्रं काढतो’ हे शब्द भुजंगच्या जिभेच्या टोकापर्यंत आले होते. त्याने ते गिळून टाकले. “आणखी... वाचतो,” तो म्हणाला.

भुजंगचं ‘लिहितो’ खोटं नव्हतं. नांदेडला कॉलेजात असताना त्याने ट्रकच्या फाळक्यांवर मोर काढले, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे पडदे रंगवले, टॉकीजसाठी ‘शांतता राखा’च्या काचा लिहिल्या. मग कुणीतरी त्याचं एक व्यंगचित्र छापलं आणि गड्याच्या डोक्यात वर्तमानपत्र शिरलं ते कायमचं. लातूर जिल्हा झाला तेव्हा तो पेटी उचलून तडक लातूरला आला. नवा जिल्हा म्हणजे नवी वर्तमानपत्रं, असा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबरच निघाला. ज्याच्याकडे लग्नपत्रिका छापायचं यंत्र होतं, तो प्रत्येक जण त्या साली संपादक झाला. भुजंग कुणाचाच नोकर नव्हता आणि सगळ्यांचाच होता. एकाच आठवड्यात तो एका पेपरात शेतीचा सल्ला द्यायचा, दुसऱ्यात राशिभविष्य सांगायचा आणि तिसऱ्यात ‘सौ. सुनंदाताई’ या नावाने लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं ते लिहायचा.

पण जिवाला घोर होता तो वेगळाच. तारामती लेकराला घेऊन तिकडे हिमायतनगरला आणि हा इकडे लातूरला एका खोलीत. महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.त हाडं खिळखिळी करून घेत तो घरी जायचा, तर तीन वर्षांची पोरगी आईच्या पदराआड होऊन विचारायची, “आई, पाव्हने आले का?” लातूरच्या साहेबांनी ‘आमच्याकडे जागा आहे, घेतो’ एवढं लिहून दिलं, की नांदेडवाले बाईंना सोडायला तयार होते. आणि लातूरचे साहेब म्हणजे हे, पंधरा दिवसांपूर्वी औरंगाबादहून आलेले, अमृतराव डोणगावकर. नव्या जिल्ह्यात खुर्च्या आधी आल्या होत्या, माणसं अजून यायची होती. म्हणून शाळांचा चार्जही त्यांच्याकडे आणि पाणीटंचाईचाही चार्ज त्यांच्याकडेच होता.

“जागा दिसते आहे,” साहेब कागद चाळत म्हणाले. “पुढच्या सोमवारी या. सही करून टाकू.”

माणूस देवमाणूस निघाला. त्यामुळे तर भुजंगला जास्तच घाम फुटला. बाहेर येतो तो दारावरचा शिपाई मलप्पा त्याच्या अंगाला अंग घासून उभा राहिला. मलप्पा निलंग्याकडचा, बोलताना निम्मं कानात बोलायचा.

“तुमी साप ना?” तो कुजबुजला.

“कोण म्हनलं?”

“अय्यो, सगळ्या हापिसाला ठावं हाय. आमच्या साहेबांचं चित्र लई झ्याक काढता बगा. पन मला सांगा, साहेब इथं यायच्या आदीच कसं काढलं?”

“साहेबांला कळलंय का?”

“न्हाई अजून. ते इंग्रजी पेपर वाचतेत. पन आमी समदे त्यांला टोलवेसाहेबच म्हनतो, म्हागं.”

भुजंग धावतच ‘मांजराकाठ’च्या छापखान्यात गेला. मालक, संपादक आणि वेळ पडल्यास यंत्राचं चाक फिरवणारे रेवणप्पा छपाईच्या खिळ्यांच्या खणांजवळ बसून शेंगा खात होते. भुजंगने सगळी हकिगत सांगितली आणि हात जोडले.

“मालक, टोलवेसाहेब बंद करा.”

“येडा का खुळा?” रेवणप्पा म्हणाले. “त्या हापिसातले समदे पेपर विकत घ्यायलेत. याच्या आदी फुकट बी घेत नव्हते. टोलवेसाहेब आता तुजा न्हाई, जिल्ह्याचा हाय.”

“माझ्या बायकोची बदली अडकंल हो!”

“मंग थोबाड बदल की. कोन नको म्हनतंय?”

हा तोडगा भुजंगला पटला. मिशी काढून टाकली की निम्मा अमृतराव गेला! पण यात एक मेख होती. लातुरात तेव्हा चित्राचा जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करणारा कुणी नव्हता. मंगळवारी काढलेलं चित्र एस.टी.च्या पार्सलने सोलापूरला जायचं, त्याचा ब्लॉक पुढच्या आठवड्यात बुधवारी यायचा आणि गुरुवारी छापला जायचा. म्हणजे बिनमिशीचे टोलवेसाहेब पुढच्या आठवड्यात येणार. या गुरुवारचं चित्र तर आधीच सोलापूरला गेलं होतं आणि त्यात मिशा भरघोस होत्या.

“एवढा एक गुरुवार निघू दे,” असं म्हणत भुजंगने मंगळवारी चित्र काढलं. टोलवेसाहेबांचा ओठ इतका गुळगुळीत काढला, की त्याला स्वतःलाच ते ओळखू येईनात. सुटकेचा श्वास टाकून त्याने पार्सल सोलापूरच्या गाडीत टाकलं.

सोमवारी तो सहीसाठी केबिनमध्ये गेला आणि दारातच थिजला. साहेबांचा ओठ गुळगुळीत होता.

झालं होतं असं, की गुरुवारचा ‘मांजराकाठ’ कुणीतरी साहेबांच्या बंगल्यात टाकला. बाईसाहेबांनी तो उघडला आणि नवऱ्याला विचारलं, “अहो, हे तुमचं चित्र का छापलंय?” साहेबांनी चित्र पाहिलं, मग आरसा पाहिला. शुक्रवारी बाजारात भाजीवाली त्यांना बघून पदराआड हसली. शनिवारभर विचार करून रविवारी सकाळी त्यांनी मोरीत दार लावून, वीस वर्षं सांभाळलेली मिशी स्वतःच्या हाताने उतरवली.

“काय बघताय?” साहेब म्हणाले.

“काही न्हाई, साहेब. बरं दिसतंय.”

“आज माझं डोकं ठिकाणावर नाही. शुक्रवारी या.”

भुजंग पायऱ्या उतरला तो थेट रेवणप्पांच्या पुढ्यात. “मालक, सोलापूरचा ब्लॉक छापू नका!”

“मंग पहिल्या पानावर काय तुजं तोंड छापू?”

“मग त्या ब्लॉकवर मिशा काढू.”

रेवणप्पांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. जस्तावरची रेघ खरवडून काढता येते, नवी घालता येत नाही. मिशी असती तर भादरता आली असती, नसलेली चिकटवणार कशी? तरीही बुधवारी ब्लॉक आल्यावर भुजंगने छिन्नी घेऊन ओठाखाली थोडं खरवडून बघितलं. त्याने एवढंच झालं, की टोलवेसाहेब किंचित हसू लागले.

गुरुवारी सकाळी पेपर बाहेर पडला आणि सगळ्या लातुरात एकच चर्चा झाली. रविवारी मोरीत उतरलेली मिशी गुरुवारी चित्रातून गायब! “घरभेद्या हाय कुनीतरी,” असं चहाच्या प्रत्येक टपरीवर ठरलं. साहेबांनी आधी मलप्पाला झापलं, मग ड्रायव्हरला, मग दूध घालणाऱ्याला. शेवटी त्यांनी बायकोकडे अशा नजरेने बघितलं, की त्या दुपारी घरात चूल पेटली नाही.

शुक्रवारी भुजंग केबिनमध्ये गेला तेव्हा टेबलावर त्याच्या बायकोचा अर्ज होता आणि अर्जाच्या शेजारी ‘मांजराकाठ’.

“तुम्ही लिहिणारे आहात,” साहेब म्हणाले. “या लोकांत तुमची ऊठबस असेल.”

“थोडीफार.”

साहेबांनी कोपऱ्यातल्या सापावर बोट ठेवलं. “हा साप कोण आहे, मला शोधून द्या. तो संपादक दाद देत नाही. माझ्या मोरीत काय चाललंय हे याला कोण सांगतं, ते मला कळलं पाहिजे. साप सापडला, की त्याच दिवशी बाईंची बदली. अगदी माझ्या हाताने आदेश टाइप करीन.”

“आणि न्हाई सापडला तर?”

“न सापडायला काय झालं? तुम्ही मनावर घ्या.”

भुजंगने मनावर घेतलं. दुसरं करणार काय? स्वतःला पकडून दिलं तर साहेब बदली करतील की खुर्ची फेकून मारतील, याचा अंदाज येत नव्हता. आणि पकडून नाही दिलं तर बदली होत नव्हती. “तपास चालू करतो,” असं म्हणून तो बाहेर आला. मलप्पाने दार लावता लावता त्याला डोळा घातला.

मधल्या मंगळवारी भुजंगने आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. हा औरंगाबादचा सफारीवाला माणूस जन्मात काय करणार नाही, याचा त्याने बसून विचार केला आणि टोलवेसाहेबांना सफारीवर मोठा तुरेदार फेटा बांधला. फेटा बांधून साहेब टँकरवर चढलेत, बाया घागरी घेऊन उभ्या आहेत, आणि टँकरच्या तोटीतून एक चिमणी बाहेर डोकावते आहे, असं ते चित्र. पार्सल त्याच दिवशी सोलापूरला गेलंही होतं.

पुढच्या बुधवारी साहेब टंचाईच्या दौऱ्यावर जळकोटला गेले. त्या भागात दुष्काळाने असा कहर केला होता, की पाहुण्याला गूळ मिळत होता, पाणी मिळत नव्हतं. गावाला पहिला टँकर येणार म्हणून लोकांनी वेशीत मांडव घातला. सत्कार म्हटला की हार आला, नारळ आला आणि फेटा तर आलाच. साहेब “नको, नको” म्हणत असताना गावच्या साहेबराव पाटलांनी त्यांच्या डोक्याला चांगला लांबलचक गुलाबी फेटा गुंडाळला. मग साहेबांना टँकरवर चढवलं, हलगी वाजली, नारळ फुटला आणि तोटी उघडली. तोटीतून नुसती हवा खोकली. साहेबांची जीप पुढे निघून आली होती आणि मागच्या दोन गावांनी टँकर अडवून सगळं पाणी उतरवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘मांजराकाठ’ आला. फेटा, टँकर, चढलेले साहेब, कोरडी तोटी. फक्त चिमणी काय ती जादा होती. रात्री छापलेल्या अंकात काल दुपारचं चित्र आलं कसं, यावर लोकांची मती गुंग झाली. रेवणप्पांना त्या दिवशी अंक दुसऱ्यांदा छापावा लागला. “हे काय माणसाचं काम न्हाई,” असं म्हणत त्यांनी स्वतः यंत्राला उदबत्ती लावली.

भुजंगची झोप उडाली. त्यात शनिवारी सकाळी त्याच्या खोलीपुढे एक म्हातारी येऊन बसली. सरजाबाई तिचं नाव. जळकोटच्या पलीकडच्या वाडीवरून ती एस.टी.ने आली होती. मलप्पा तिच्या नात्यातला आणि मलप्पाने साहेब सोडून सगळ्या जगाला साप दाखवून ठेवला होता.

“लेकरा, तू काढतूस ते खरं हुतंय म्हनं,” ती म्हणाली.

“न्हाई हो आजी. ते आपलं असंच जुळून येतंय.”

“कसं का जुळंना. आमच्या वाडीवर एक टँकर काढ.”

“आजी, मी चित्र काढतो. टँकर साहेब सोडतेत.”

“साहेबाकडं चार बारी जाऊन आले बाबा. तू काढ. आनि हे बग, रिकामा नको काढूस. भरलेला काढ.”

भुजंगला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. म्हातारीच्या पायांत चपला नव्हत्या आणि तिने येताना त्याच्यासाठी फडक्यात भाकरी बांधून आणली होती. मंगळवारी त्याने टोलवेसाहेबांना टँकरच्या पाइपाशी उभं केलं. मिशी नाही, फेटा नाही, आहे तसेच. साहेब स्वतःच्या हाताने एका म्हातारीच्या घागरीत पाणी सोडत आहेत आणि पाण्याची धार अशी जाडजूड काढली, की अर्धी शाई तिथेच संपली. खाली वाडीचं नाव घातलं. हे बघून साहेबांना बरं वाटेल आणि सरजाबाईलाही, एवढाच त्याचा हेतू होता.

इकडे अमृतरावांनी वेगळाच बेत केला होता. “हा साप आता पुन्हा रिकामा टँकर काढणार,” त्यांनी केबिनमध्ये मूठ आपटून जाहीर केलं. “मी त्याला खोटं पाडतो! यादीत सर्वांत शेवटी कोणतं गाव आहे? तिथे आधी टँकर घाला. भरलेला घाला. मी स्वतः मागे जीपमध्ये बसतो, बघू रस्त्यात कोण अडवतो ते!”

यादीत शेवटी सरजाबाईची वाडी होती. पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी साहेबांनी टँकर काठोकाठ भरलेला वाडीवर पोचवला आणि जोशात येऊन पाइप स्वतःच हातात धरला. गर्दीत पुढे घुसलेल्या पहिल्या म्हातारीच्या घागरीत पाण्याची जाड धार पडली. ती म्हातारी कोण होती हे सांगायची गरज नाही. आणि गुरुवारी काय छापून आलं हेही सांगायला नको.

या वेळी मात्र साहेब चिडले नाहीत, ते घाबरले. त्यातून बाईसाहेबांनी ते चित्र कापून दिवाणखान्यात चिकटवलं, कारण नवऱ्याचं काम चांगलं दिसेल असं छापलेलं काही त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. साहेबांनी भुजंगला बोलावून घेतलं आणि दार लावून हळू आवाजात विचारलं, “काही सुगावा?”

“जवळ आलोय, साहेब.”

“लवकर करा हो. परवा मी आंघोळीला जायच्या आधी छताकडे बघितलं.”

भुजंगला त्या माणसाची दया आली. आता सांगून टाकावं, असं तो रोज ठरवायचा आणि केबिनपर्यंत जाऊन परत फिरायचा. ते सांगणं कायमचंच राहिलं असतं, पण पुढच्या सोमवारी तो पायऱ्यांवर घुटमळत असताना समोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून तारामती उतरली. लेकराला शेजारच्या साखराबाईंकडे ठेवून ती पहाटेच्या गाडीने निघाली होती.

“तू इथं?”

“मंग काय करू? दर सोमवारी साहेब सही करून राहिले म्हनता. असं काय चित्तर काढून राहिले ते सहीचं, बघावं म्हनलं. चला आत.”

“तारा, थांब. एक गोष्ट सांगायची हाय...”

“आतच सांगा.”

मलप्पाने दार उघडलं. तारामती आत गेली, तिने साहेबांकडे बघितलं आणि नमस्काराला जोडलेले हात तसेच ठेवून ती खुदकन हसली. मग तिने तोंडाला पदर लावला, पण पदराच्या आतूनही हसू मावेना.

“काय झालं बाई?” साहेब दचकले.

“काही न्हाई साहेब, माफ करा. तुम्ही अगदी ह्यांच्या टोलवेसाहेबांसारखे दिसता. पहिले मिशी होती त्यांना.”

“ह्यांच्या?”

“ह्यांच्या म्हणजे आमच्या ह्यांच्या. साप काढतात ना, तेच हे. तुम्हाला सांगितलं न्हाई का?”

साहेबांनी सावकाश मान वळवून भुजंगकडे बघितलं. भुजंगने खाली बघितलं. दाराच्या फटीतून मलप्पाने आत बघितलं.

“तुम्ही,” साहेब म्हणाले. “तुम्हीच तपास करत होतात.”

“हाव, साहेब.”

“माझ्या मोरीत कोण बघत होतं?”

“कुनी न्हाई, साहेब. सोलापूरमुळं झालं.” आणि मग भुजंगने भडाभडा सगळं ओकून टाकलं. दोन वर्षांपूर्वीचं नांदेड, पार्सल, ब्लॉक, तुमची मिशी निघायच्या आधीच तुम्हाला वाचवायला म्हणून चित्रातून उडवलेली मिशी, छिन्नी, चिमणी, सरजाबाई. साहेब समोरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मंगळवार आणि गुरुवार जुळवत राहिले. सगळे वार जुळले तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले.

“म्हणजे माझी मिशी फुकट गेली,” ते म्हणाले.

“येईल परत, साहेब,” तारामती म्हणाली.

साहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. सही करावी की अर्ज फाडावा, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. सूड घ्यावा तर या बाईने काय बिघडवलं होतं? आणि बदली करावी तर हा साप कायमचा लातुरात बिऱ्हाड थाटून बसणार. पेन हवेतच राहिलं.

“बाई,” त्यांनी अखेर विचारलं, “तुम्हाला खरंच लातूरला यायचंय?”

“खरं सांगू का साहेब? न्हाई.”

भुजंगने मान वर केली. “न्हाई? मग अर्जावर सही कशाला केलीस?”

“तुम्ही सही मागितली, मी केली. विचारलं कुठं होतं? तुमच्या खोलीला आठ आठ दिवस नळ येत न्हाई, तिथं मी लेकरू घेऊन कशाला येऊ? तिकडं माझी शाळा हाय, राहायला क्वार्टर हाय, क्वार्टरच्या मागं विहीर हाय. साहेब, मला बदली नको. मला हे पाहिजेत.” एवढं बोलून ती थोडी लाजली. मग धिटाईने म्हणाली, “माझ्याऐवजी ह्यांचीच करता आली तर बघा.”

साहेबांचा चेहरा इतका उजळला, की टोलवेसाहेब कधी असे दिसतील हे भुजंगला सुचलंसुद्धा नसतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, अर्ज प्रेमाने घडी करून तारामतीच्या हातात दिला आणि मलप्पाला तीन चहा सांगितले.

“मी कुनाच्या नोकरीत न्हाई,” भुजंग पुटपुटला. “माझी बदली कोन करणार?”

“चहा घ्या,” साहेब म्हणाले.

चहा पिऊन भुजंग छापखान्यात पोचला, तोवर रेवणप्पा खुर्ची पुसून त्याची वाटच बघत होते.

“साहेबांचा फोन आलता,” ते म्हणाले. “आयुष्यात पहिल्यांदा कुन्या साहेबानं मला फोन केला बग. म्हनले, मांजराकाठला नांदेड जिल्ह्यात एक बी प्रतिनिधी न्हाई, ही लाजेची गोष्ट हाय. मला बी लाज वाटली. मी म्हनलो, उद्याच नेमतो. मुक्काम हिमायतनगर.”

“आणि टोलवेसाहेब?”

“तिकडूनच काढ की. एस.टी.नं सोलापूरला धाड.”

“मालक, तिकडून सोलापूरला पार्सल जाऊन ब्लॉक इकडं यायला महिना लागंल!”

“साहेबांला मी तेच म्हनलो. ते म्हनले, लागू द्या, काय घाई न्हाई.”

अशा रीतीने ज्याला नोकरीच नव्हती त्या माणसाची बदली झाली. गाडीत बसवायला खुद्द अमृतराव स्टँडवर आले होते. ओठावर काळी रेघ उगवू लागली होती आणि ते तिच्यावरून सारखं बोट फिरवत होते. गाडी फलाटावरून हलून रस्त्याला लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

हिमायतनगरला पहिल्याच दिवशी पहाटे तारामतीने भुजंगला हलवून उठवलं आणि त्याच्या हातात दोर आणि पोहरा दिला.

“विहीर मागंच हाय म्हनली होतीस ना?” भुजंग डोळे चोळत म्हणाला.

“हाय की. पन पाणी लई खोल गेलंय. माझ्यानं एकटीनं शेंदनं होईना. म्हनून तर मानूस मागितला साहेबांला.”

भुजंग विहिरीच्या काठावर उभा राहिला. पोहरा खाली सोडला तर तो पोचल्याचा आवाज यायलाच बराच वेळ लागला. लातूर, नांदेड, सोलापूर सगळं विसरून तो दोर ओढू लागला. दुसऱ्या घागरीला हाताला फोड आला. तेवढ्यात पोरगी उठून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी मातीत फतकल मारून बसली. ती आईच्या आड लपली नाही, हे बघून भुजंगने तिसरा पोहरा न थांबता ओढला.

शेजारच्या साखराबाई कुंपणाशी येऊन बघत राहिल्या. “बाई, हे आता इथंच ऱ्हानार म्हनं?”

“हाव. बदली झाली त्यांची.”

“बरं झालं बाई. कोन्तं खातं म्हनायचं?”

मोकळा लेखक आणि व्यंगचित्रकार हे एका दमात कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत भुजंगने तोंड उघडलं. पण दोर हातात असताना दम कुठला पुरायला?

“पाणीपुरवठा,” तारामती म्हणाली.

साखराबाईंनी समजल्यासारखी मान डोलावली आणि आपलीही घागर पुढे सरकवली.